रोजची कॉफी: सोडायची, चालू ठेवायची, की नुसती करायची पद्धत बदलायची?

पहाटवारा

गेल्या महिन्यात बाबांची सोनोग्राफी झाली, त्यात फॅटी लिव्हर (लिव्हरमध्ये चरबी साचणं) ग्रेड २ आलं. रिपोर्ट हातात पडल्या पडल्या घरातल्या प्रत्येकाने पथ्यं सुचवायला सुरुवात केली आणि पहिली कुऱ्हाड पडली ती त्यांच्या कॉफीवर. ६८ वर्षांचा माणूस, चाळीसेक वर्षं सकाळी सगळ्यांच्या आधी उठून स्वतःच्या हाताने कॉफी करून पितो, दुपारी अजून एक, बस. त्यांना सांगितलं आजपासून बंद. ते काही बोलले नाहीत, दुसऱ्या दिवशी नुसतं गरम पाणी घेऊन खिडकीत बसले. संध्याकाळपासून डोकं धरलं ते तीन दिवस सुटेना, आम्हाला वाटलं बीपी वाढलं, मोजलं तर नॉर्मल.

फॉलोअपला डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, कॉफी कोणी बंद करायला सांगितली? लिव्हरला ती चांगलीच आहे, साखर बंद करा आणि चाला. डोकेदुखी कॉफी एकदम तोडल्यामुळे होती. सवय असलेल्या माणसाची कॅफिन अचानक थांबली की १२ ते २४ तासांत डोकं दुखायला लागतं आणि काहींना आठवडाभरसुद्धा त्रास होतो, हे मला तेव्हा कळलं. आपण एका म्हाताऱ्या माणसाला काहीही माहिती नसताना त्रास दिला याचं मला खरंच वाईट वाटलं आणि मग मी वाचायला बसले. जे कळलं ते इथे टाकतेय, चुकलं असेल तर सांगा, भर घाला.

आधी लिव्हरचंच. ब्रिटनमध्ये यूके बायोबँक म्हणून मोठा प्रकल्प आहे, त्यातल्या जवळपास ५ लाख लोकांवरचा अभ्यास २०२१ मध्ये आला. साधारण ११ वर्षं त्या लोकांच्या तब्येतीची नोंद ठेवली होती. कॉफी पिणाऱ्यांमध्ये लिव्हरच्या जुनाट आजाराचं प्रमाण न पिणाऱ्यांपेक्षा २१ टक्के कमी, आणि त्या आजाराने मरण्याचं प्रमाण ४९ टक्के कमी. आणि हे डिकॅफवाल्यांमध्येही (कॅफिन काढलेली कॉफी) दिसलं, इन्स्टंटवाल्यांमध्येही दिसलं, म्हणजे सगळं श्रेय एकट्या कॅफिनला देता येत नाही. कॉफीत क्लोरोजेनिक आम्ल वगैरे शेकडो इतर गोष्टी असतात त्यांचाही हात असणार.

कॅन्सरचं तर फारच रंजक आहे. जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सर संशोधन संस्था आहे, आयएआरसी, तिने १९९१ मध्ये कॉफीला 'कदाचित कॅन्सर करू शकेल' या गटात टाकलं होतं, मूत्राशयाच्या कॅन्सरच्या संशयावरून. २०१६ मध्ये हजाराहून जास्त अभ्यास परत तपासून तिनेच कॉफीला त्या गटातून बाहेर काढलं, वर लिव्हर आणि गर्भाशयाच्या अस्तराच्या कॅन्सरचा धोका कॉफी पिणाऱ्यांत कमी दिसतो असंही नोंदवलं. पण त्याच बैठकीत ६५ अंशांपेक्षा गरम असलेलं कुठलंही पेय अन्ननलिकेच्या कॅन्सरसाठी 'बहुधा धोकादायक' ठरलं. म्हणजे वाफाळता कप तोंडाला लावणाऱ्यांनी पाच मिनिटं दम धरावा. बाबा कायम कडक गरम पितात, त्यांची ही एक सवय मात्र मी मोडणारच.

डायबेटिसचंही आहे. २००२ मध्ये नेदरलँड्समधल्या १७ हजार लोकांवरच्या अभ्यासात दिवसाला ७ किंवा जास्त कप पिणाऱ्यांना टाइप २ डायबेटिस व्हायचं प्रमाण २ किंवा कमी कप पिणाऱ्यांच्या निम्मं निघालं. ७ कप कोणी पिऊ नये, पण नंतर ठिकठिकाणी कमी कपांनाही हीच दिशा दिसली. २०१७ मध्ये बीएमजे या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात २०१ मेटा-अ‍ॅनालिसिस (अनेक अभ्यास जोडून काढलेले निष्कर्ष) एकत्र करून एक आढावा आला, त्यात दिवसाला ३ ते ४ कपांपाशी सगळ्यात जास्त फायदा दिसतो, कुठल्याही कारणाने मृत्यूचा धोका १७ टक्क्यांनी कमी.

फॅटी लिव्हरचा उपाय मात्र कॉफी नाहीच, तो वजन उतरवणं हाच आहे, डॉक्टरांनी बाबांना वजनाच्या ७ ते १० टक्के कमी करा असं स्पष्ट सांगितलंय. तर मला विचारायचंय ते हे की तुमच्यापैकी कोणाला असं कॉफी तोडायला लावलंय का, आणि कोणी खरंच तोडायला हवी?

आकडेमोड

धागा आवडला. विशेषतः बाबांच्या डोकेदुखीचं सांगितलंत ते, आमच्याकडेही एका ऑपरेशनच्या आधी उपाशी ठेवलेल्या नातेवाइकांना असंच डोकं दुखलं होतं आणि कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं.

मी पोटापाण्यासाठी आकड्यांचंच काम करतो म्हणून थोडं लांबण लावतो. वर दिलेले सगळे अभ्यास निरीक्षणाचे आहेत, म्हणजे लोक आपल्या मनाने कॉफी पीत होते किंवा पीत नव्हते आणि संशोधक नुसते बघत होते. यात दोन खड्डे असतात. पहिला, जो माणूस आजारी पडतो तो कॉफी सोडतो, नाहीतर त्याला सोडायला लावतात, आता तुमच्या बाबांचंच बघा की. उद्या त्यांच्याकडे कोणी फॉर्म घेऊन आलं असतं तर 'कॉफी पीत नाही, लिव्हर खराब' अशी नोंद झाली असती! अशी हजारो माणसं न पिणाऱ्यांच्या रकान्यात गेली की तो रकाना आपोआप आजारी दिसतो. चांगले अभ्यास सुरुवातीची काही वर्षं वगळून हे सावरतात पण पूर्ण सावरलं जातंच असं नाही.

दुसरा खड्डा उलट्या बाजूचा. पूर्वी कॉफी आणि सिगरेट जोडीने चालायची, त्यामुळे जुन्या अभ्यासांत कॉफी बदनाम झाली. २०१२ च्या अमेरिकेतल्या ४ लाख लोकांच्या अभ्यासात हे अगदी स्वच्छ दिसतं, नुसतं वयाचं गणित केलं तर कॉफी पिणारे जास्त मरताना दिसले, सिगरेटचा हिशोब लावला आणि चित्र उलटं झालं, कॉफीवाले साधारण १० टक्के फायद्यात.

आणि १७ टक्के म्हणजे किती तेही समजून घ्या. समजा एखाद्या गटात ठरावीक काळात १००० पैकी १०० माणसं जाणार असतील तर कॉफीवाल्या गटात ८३ जातील, तेही कारण कॉफीच आहे असं धरलं तर. आकडा लहान नाहीये पण चमत्कारही नाही. जनुकांच्या आधाराने कार्यकारणभाव शोधायची एक पद्धत आहे, मेंडेलियन रँडमायझेशन, तिच्यात कॉफीचे फायदे बऱ्याच आजारांसाठी एवढे ठळक दिसत नाहीत.

तरी लिव्हरच्या बाबतीत मी स्वतः कॉफीच्या बाजूने आहे. वेगवेगळ्या देशांत, वेगवेगळ्या वंशांत, रक्तातल्या लिव्हरच्या एन्झाइम्सपासून सिरॉसिस (लिव्हर कडक होऊन निकामी होणं) ते कॅन्सरपर्यंत सगळीकडे एकच दिशा आणि कप वाढले की फायदाही वाढतोय. एवढं जुळून येणं योगायोगाने होत नाही. पण जो पीत नाही त्याने या आकड्यांसाठी सुरू करावी असं मी म्हणणार नाही.

सुईदोरा

वाचनखूण साठवली. माझ्या सासूबाईंना दाखवणार आहे.

रात्रपाळी

मी नवजात बाळांच्या आयसीयूमध्ये नर्स आहे. धाग्याला थोडं सोडून आहे पण कॅफिनची ही बाजू लोकांना माहीतच नसते म्हणून लिहिते.

फार लवकर जन्मलेली बाळं श्वास घ्यायचं विसरतात. अक्षरशः विसरतात, मेंदूतलं ते केंद्र अजून तयार नसतं. मॉनिटर वाजायला लागतो, आपण जाऊन तळपायाला बोटाने टिचकी मारायची, बाळ दचकतं आणि परत श्वास सुरू. एका रात्रीत एकेका बाळाला पाच-सहा वेळा असं करायला लागतं. या बाळांना आम्ही काय देतो माहितीये? कॅफिन. कॅफिन सायट्रेट म्हणून औषध येतं, पहिला डोस किलोला २० मिलिग्रॅम. हाताच्या पंज्याएवढं बाळ असतं, तो डोस गेला की पुढच्या काही तासांत अलार्म विरळ होत जातात, आणि त्या शांततेचं मला इतक्या वर्षांनीही अप्रूप वाटतं.

यावर मोठी चाचणी झाली होती, तिचा निकाल २००६ मध्ये आला, ५०० ते १२५० ग्रॅम वजनाची २००६ बाळं होती. ही निरीक्षणाची नव्हे बरं का आकडेमोडदादा, चिठ्ठ्या टाकून अर्ध्यांना कॅफिन, अर्ध्यांना नुसतं सलाइन. कॅफिनवाल्या बाळांना फुप्फुसाचा जुनाट त्रास कमी झाला आणि दीड वर्षाची झाल्यावर तपासलं तर सेरेब्रल पाल्सीचं (मेंदूला इजा झाल्याने हालचालींवर ताबा नसणं) प्रमाणही कमी होतं. कॉफी प्या असा याचा अर्थ नाही, गरोदरपणाचं तर एकदम वेगळं आहे. पण कॅफिन म्हणजे विषच असं कोणी बोललं की मला ती बाळं आठवतात.

रिकाम्यापोटी

मी लिहू का नको करत होते पण माझ्यासारखं दुसऱ्या कोणाचं होऊ नये म्हणून लिहिते. मला थायरॉइड आहे, सकाळी उठल्या उठल्या गोळी. आणि मी ती दोन वर्षं कॉफीच्या घोटाबरोबर घेत होते!! टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) खाली येईना, डोस वाढवला, परत वाढवला, केस गळतायत, अंग जड, आणि मी दर वेळी सांगायचे की हो गोळी रोज घेते, एकही चुकवत नाही. कशाबरोबर घेता हे मला कोणीच विचारलं नाही, मलाही सांगावंसं वाटलं नाही कारण त्यात सांगण्यासारखं काही आहे असंच वाटलं नव्हतं. शेवटी एका लॅबमधल्या मुलीने रक्त घेता घेता सहज विचारलं.

कॉफीने ही गोळी आतड्यातून नीट शोषली जात नाही. २००८ मध्ये इटलीतल्या डॉक्टरांनी असेच पेशंट दाखवले होते, कॉफीबरोबर गोळी घेणारे आणि टीएसएच न हलणारे. आता मी गोळी साध्या पाण्याबरोबर घेते, तासाभराने कॉफी. पुढच्या तपासणीत टीएसएच इतका खाली आला की डोस कमी करावा लागला. कॉफी एक कपही कमी केली नाही, फक्त घड्याळ बदललं.

मध्यंतर

@रिकाम्यापोटी, तुमच्यात आणि माझ्यात एका गोळीचाच फरक. माझं लोहाचं होतं, हिमोग्लोबिन ९ च्या वर जाईना. जेवण झालं की कॉफी ही माझी दहा वर्षांची सवय. १९८३ सालचा एक अभ्यास आहे त्यात जेवणाबरोबर एक कप कॉफी घेतली तर लोह शोषलं जाणं ३९ टक्क्यांनी घटलं, चहाने तर ६४ टक्क्यांनी! पण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते पुढचं: जेवणाच्या एक तास आधी कॉफी घेतली तर काहीच फरक नाही, जेवणानंतर तासाने घेतली तर मात्र जेवणाबरोबर घेतल्याइतकंच नुकसान. मी 'जेवण झाल्यावर थोडं थांबून पिते' म्हणून निर्धास्त होते ते सगळं फुकट.

ज्यांचं हिमोग्लोबिन ठीक आहे त्यांनी फार मनावर घ्यायची गरज नाही. पण पाळी येणाऱ्या बायका, वाढत्या वयाच्या मुली आणि लोहाच्या गोळ्या चालू असलेले यांनी ही वेळ पाळाच.

पहाटवारा

बापरे, किती महत्त्वाचं लिहिलंत दोघींनी. आईला थायरॉइड आहे, मी आत्ता उठून तिला विचारून आले, ती गोळी दुधाबरोबर घेते म्हणाली. दूध पण चालत नाही ना? कॅल्शियममुळे? उद्यापासून पाणीच.

एक नवीन अडचण. बाबांचं कोलेस्टेरॉल पण आलं, एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) १६२. मला वाटलं कॉफीचा आणि त्याचा संबंध नसेल, पण एका लेखात उकळलेल्या कॉफीने वाढतं असं ओझरतं वाचलं. बाबा पावडर पाण्यात घालून चांगली उकळतात आणि स्टीलच्या गाळणीने गाळतात. कोणाला माहितीये?

गाळणी

संबंध आहे ताई, आणि चांगलाच आहे. मी कॉफीत बुडालेला माणूस आहे, घरी पाच प्रकारची भांडी आहेत, त्यामुळे हे जरा सविस्तर.

बाबांच्या कपात कॉफी ओतल्यावर दुधाच्या आधी वरून तिरकं बघा, उजेडात पृष्ठभागावर तेलाचे बारीक तवंग दिसतील, इंद्रधनुष्यासारखी चमक असते. ते कॉफीच्या बीचं तेल. त्यात कॅफेस्टॉल आणि काह्वेओल नावाची दोन द्रव्यं असतात आणि कॅफेस्टॉल हे आहारातून येणाऱ्या कोलेस्टेरॉल वाढवणाऱ्या पदार्थांत फार ताकदीचं मानलं जातं. कोलेस्टेरॉल स्वतः त्यात नसतं, कॅफेस्टॉल लिव्हरमधली यंत्रणा बिघडवतं. नॉर्वेत उकळून कॉफी प्यायची पद्धत होती आणि तिथेच १९८३ मध्ये पहिल्यांदा लक्षात आलं की जास्त कॉफी पिणाऱ्यांचं कोलेस्टेरॉल जास्त आहे. नंतर कळलं की दोष कॉफी करण्याच्या पद्धतीत आहे.

कागदी फिल्टरमधून गाळली तर हे तेल जवळपास सगळं कागदात अडकतं. वापरलेला कागद वाळू द्या, त्यावर तुपकट डाग राहतो, तो तुमच्या रक्तात जाणार होता. स्टीलची गाळणी, जाळीचा फिल्टर, फ्रेंच प्रेस यातून ते आरपार जातं. इन्स्टंटमध्ये फारच कमी असतं. एस्प्रेसोमध्ये मधलं, पण कप लहान म्हणून एकूण कमी जातं. नॉर्वेतलाच २०२० चा अभ्यास, ५ लाख माणसं, २० वर्षं: कागदाने गाळलेली पिणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण अजिबात न पिणाऱ्यांपेक्षा १५ टक्के कमी, न गाळलेलीत तो फायदा नाही आणि साठीपुढच्या पुरुषांत तर हृदयविकाराने मृत्यू जास्त. बाबा बरोबर त्याच गटात येतात.

म्हणून कॉफी तोडू नका, उकळणं तोडा. पावडर कागदात, वरून उकळी बसलेलं पाणी बारीक धारेने, तीन मिनिटांत होते. पहिले आठ दिवस 'पातळ लागते' म्हणतील कारण तेलाने जिभेवर जो भरलेपणा येतो तो जातो. पावडर अर्धा चमचा वाढवा, बसतं हळूहळू.

शून्य_साखर

गाळणी यांच्याशी सहमत, फक्त साखरेबद्दल जोडतो. २०२२ मध्ये ब्रिटनच्या पावणेदोन लाख लोकांचा अभ्यास आला होता, त्यात कपाला साधारण एक चमचा साखर घालणाऱ्यांनाही फायदा दिसला होता. पण ते सरासरी एक चमचा, वर क्रीम आणि सिरप घातलेला अर्धा लिटरचा ग्लास नव्हे. तो ग्लास म्हणजे गोड पदार्थ आहे, त्यात कॉफीची चव आहे इतकंच. फॅटी लिव्हरवाल्यांनी त्याच्या वाटेला जाऊ नये.

जागरण

मला एक कळत नाही. मी रात्री नऊला कॉफी पितो आणि साडेदहाला गाढ झोपतो, वीस वर्षं. मग झोपेवर परिणाम होतो असं सगळे का म्हणतात? काहींना होतच नसेल ना?

आकडेमोड

झोप लागणं वेगळं आणि झोप मिळणं वेगळं. २०१३ मध्ये एक प्रयोग झाला, झोपायच्या बरोबर ६ तास आधी ४०० मिलिग्रॅम कॅफिन दिली, तरी एकूण झोप तासाभराहून जास्त कमी झाली. गंमत म्हणजे त्या लोकांना स्वतःला एवढा फरक जाणवलाच नव्हता, यंत्राने मोजलं तेव्हा कळलं.

होतं काय की दिवसभर जागं राहिलं की मेंदूत अ‍ॅडेनोसिन साचत जातं, त्यानेच झोप येते. कॅफिन त्याच्या जागेवर जाऊन बसते. अ‍ॅडेनोसिन तिथेच बाहेर उभं असतं, फक्त त्याला आत शिरता येत नाही. घेतलेली अर्धी कॅफिन शरीराबाहेर जायला सरासरी ५ तास लागतात, पण कोणाला २ तास पुरतात आणि कोणाला ९ लागतात, हे लिव्हरमधल्या एका एन्झाइमवर आहे. सिगरेट ओढणाऱ्यांत ते एन्झाइम जोरात चालतं म्हणून त्यांना कॉफी पचते. आणि सिगरेट सोडली की तेवढीच कॉफी अचानक जास्त चढते, धडधड, बेचैनी, झोप उडते, आणि माणसाला वाटतं हे सगळं सिगरेट सोडल्यामुळे होतंय. कोणी सोडत असाल तर त्याच आठवड्यात कॉफीही थोडी कमी करा, सोडणं सोपं जाईल.

जागरणदादा, तुमचं एन्झाइम वेगवान असू शकेल. पण पंधरा दिवस रात्रीची बंद करून बघाच, सकाळी उठताना अंग कसं वाटतं ते. २०२५ च्या सुरुवातीला ४० हजार अमेरिकनांचा अभ्यास आलाय त्यात फक्त सकाळी कॉफी पिणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण १६ टक्के कमी होतं, दिवसभर पिणाऱ्यांत तो फायदा दिसला नाही.

धडधड

हृदयाचं कोणीच बोललं नाही. मला मधेच ठोका चुकल्यासारखं होतं म्हणून मी कॉफी बंद केली होती. कार्डिओलॉजिस्ट म्हणाले थोडी घ्यायला हरकत नाही. विश्वास ठेवावा का?

रात्रपाळी

तुमचा ईसीजी, इको त्यांनी बघितलाय तर त्यांचंच ऐका. माहितीसाठी सांगते, २०२३ मध्ये १०० निरोगी माणसांवर १४ दिवस प्रयोग झाला, छातीला मॉनिटर, मनगटाला घड्याळ, आणि रोज मेसेज यायचा की आज कॉफी प्या किंवा आज पिऊ नका. हृदयाच्या वरच्या कप्प्यातले जादा ठोके वाढले नाहीत. खालच्या कप्प्यातले दिवसाला सरासरी १०२ वरून १५४ झाले. कॉफीच्या दिवशी माणसं हजारेक पावलं जास्त चालली आणि ३६ मिनिटं कमी झोपली. म्हणजे बघा एकाच कपात बरं आणि वाईट दोन्ही.

ज्यांचं बीपी १६० / १०० किंवा त्याच्या वर आहे त्यांनी मात्र जपा. जपानमधल्या १८ हजारांहून जास्त लोकांच्या अभ्यासात अशांनी रोज २ किंवा जास्त कप घेतले तर हृदयविकार आणि स्ट्रोकने मृत्यूचा धोका दुप्पट दिसला. एका कपाने वाढला नाही. आधी बीपी आटोक्यात, मग दुसरा कप.

पाचवा_महिना

गरोदरपणाचं प्लीज कोणीतरी नीट सांगा. एक म्हणतं अजिबात नाही, एक म्हणतं चालतं.

रात्रपाळी

सांगते. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१५ मध्ये मर्यादा घातली आहे: निरोगी मोठ्या माणसाला दिवसाला ४०० मिलिग्रॅम कॅफिन, एका वेळी २०० च्या वर नाही, आणि गरोदर बाईला पूर्ण दिवसात २००. इन्स्टंटच्या एका कपात साधारण ६०, फिल्टरच्या कपात ९०-१००. पण त्या २०० मध्ये चहा, कोला, चॉकलेट सगळं धरायचं, तिथेच बायका फसतात.

कारण असं की शेवटच्या तीन महिन्यांत कॅफिन अर्धी व्हायला १५ तासांपर्यंत लागू शकतात. म्हणजे आजची संपायच्या आत उद्याची येते. ती नाळेतून थेट बाळाकडे जाते आणि बाळाला ती मोडता येत नाही. जास्त कॅफिन घेणाऱ्यांची बाळं कमी वजनाची होतात असं दिसलंय. मला कोणी बहिणीसारखं विचारलं तर मी सांगते दिवसाला एक लहान कप, आणि नसेल प्यावीशी वाटत तर उत्तमच. काळजी करू नका, आधी दोन कप प्यायले गेले म्हणून झोप उडवून घेऊ नका. आणि आपल्या डॉक्टरांना विचारा.

पाचवा_महिना

खूप बरं वाटलं वाचून. धन्यवाद ताई.

हातकंप

काकांना पार्किन्सन (कंपवात) आहे. कॉफीने पार्किन्सन टळतो असं वाचलं आणि आता घरचे त्यांना दिवसातून चार वेळा कॉफी पाजतायत. उपयोग होतो का?

आकडेमोड

टळण्याबद्दलचा पुरावा चांगला आहे. हवाईमधल्या ८ हजार जपानी-अमेरिकन पुरुषांवर ३० वर्षं लक्ष ठेवलं होतं, २००० साली निकाल आला, सगळ्यात जास्त कॉफीवाल्यांपेक्षा अजिबात न पिणाऱ्यांत पार्किन्सन पाचेक पट. इथे डिकॅफचा उपयोग दिसत नाही, कॅफिनच लागते. ती अ‍ॅडेनोसिनची ए२ए नावाची जी जागा अडवते त्याच जागेवर काम करणारं इस्ट्राडेफिलिन नावाचं औषध २०१९ पासून अमेरिकेत पार्किन्सनला वापरतात.

पण झालेल्या आजारात? २०१७ मध्ये चिठ्ठ्या टाकून चाचणी केली, पेशंटना दिवसातून दोनदा २०० मिलिग्रॅम कॅफिन, हालचालीत काही सुधारणा नाही. त्यामुळे काकांना जबरदस्तीने पाजू नका. त्यांना आवडत असेल तर सकाळचा कप द्या. पार्किन्सनमध्ये झोप आधीच मोडलेली असते, संध्याकाळचे दोन कप तर आजच थांबवा.

हातकंप

आज संध्याकाळची नाही दिली. काका म्हणाले, सुटलो एकदाचा, मला कधीच आवडत नव्हती.

पहाटवारा

सगळ्यांचे मनापासून आभार, मी सगळं वाचतेय. तीन आठवडे झाले म्हणून अपडेट टाकते.

कागदी फिल्टर आणले. पहिल्या दिवशी बाबांनी एक घोट घेतला आणि कप खाली ठेवला, 'यात जीव नाही' म्हणाले. मग गाळणी यांनी सांगितलं तसं मी वापरलेला कागद वाळवून त्यांच्या हातात दिला, उजेडासमोर धरून त्यांनी तो डाग बघितला, बोटाने चोळून बघितला, काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून स्वतःच कागद लावतात. साखर दोन चमच्यांवरून अर्ध्यावर आली आहे. थर्मामीटर आणलाय स्वयंपाकघरातला, ६५ च्या खाली उतरेपर्यंत कपाकडे बघत बसतात. दुपारची कॉफी दोनच्या आत. सकाळी कप झाला की चालायला जातात, वजन २ किलो उतरलंय. आईची गोळी पाण्याबरोबर सुरू झाली, तिचा टीएसएच सहा आठवड्यांनी करायचाय.

बाबांचं कोलेस्टेरॉल आणि लिव्हरच्या एन्झाइम्स तीन महिन्यांनी. रिपोर्ट आले की चांगले असोत की वाईट, इथेच लिहीन.